घटक ४ : दवा आणि दुआ – मानसिक आरोग्यसेवेत श्रद्धोपचारांचे स्थान

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

• मानसिक आजाराविषयीची मराठीतील पारंपरिक शब्दयोजना व तिच्यामागील समजुती स्पष्ट करणे.
• मनाच्या आजारासाठी लोक देवस्थानाकडे का वळतात, याची कारणमीमांसा करणे.
• एर्वाडी व उनावा या दोन ठिकाणांच्या उदाहरणांतून श्रद्धोपचारांतील धोके व शक्यता यांची तुलना करणे.
• श्रद्धा आणि वैद्यकीय उपचार यांच्या समन्वयाच्या कसोट्या सांगणे व त्या प्रत्यक्ष प्रसंगाला लावून पाहणे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकश्रद्धांचा एक जिव्हाळ्याचा भाग म्हणजे आजारी माणसासाठी केले जाणारे विधी. ताप आला किंवा हाड मोडले तर आज बहुतेक कुटुंबे दवाखाना गाठतात. परंतु घरातील तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला, रात्र-रात्र जागू लागला, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे म्हणू लागला, किंवा बाळंतीण आपल्या बाळाकडे पाहीनाशी झाली, तर अनेक घरांची पावले आधी देवऋष्याकडे, दर्ग्याकडे किंवा जागृत मानल्या जाणाऱ्या देवस्थानाकडे वळतात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव पुष्कळदा फार उशिरा निघते.

या वस्तुस्थितीकडे पाहण्याच्या दोन रूढ भूमिका आहेत. पहिली म्हणते की हे सारे अज्ञान असून ते मोडून काढले पाहिजे. दुसरी म्हणते की आपल्या परंपरेत सर्व दुःखांवर उपाय आहेत, गोळ्यांची गरज नाही. दोन्ही भूमिका रुग्णापुढे एकच पेच उभा करतात : देव की डॉक्टर? प्रस्तुत घटकात हा पेच खरोखरच अटळ आहे काय, याचा विचार आपण करणार आहोत. या घटकाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की श्रद्धेला उपचारांच्या शेजारी जागा देता येते. मात्र त्या जागेची सीमा रुग्णाची सुरक्षितता आणि प्रतिष्ठा यांवरूनच आखली पाहिजे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ आजाराची भाषा

मराठीत मनाच्या आजाराला शब्दांची वाण नाही. बाधा होणे, झपाटणे, लागीर होणे, करणी, चेटूक, नजर लागणे, अंगात येणे हे शब्द आपण ऐकत आलो आहोत. त्यांच्या जोडीला उपायांचे शब्दही आहेत : दृष्ट काढणे, उतारा टाकणे, अंगारा लावणे, गंडा बांधणे, कौल लावणे. या शब्दांची रचना लक्षपूर्वक पाहा. ‘बाधा’, ‘लागीर’, ‘नजर’ यांत आजार बाहेरून येतो आणि माणसाला धरतो. त्यामुळे दोष रुग्णाकडे जात नाही. पिडा देणारे दुसरेच कुणी असते. याउलट ‘वेडा’ किंवा ‘खुळा’ हे शब्द आजाराला माणसाचा स्वभावच ठरवून टाकतात. ‘त्याला बाधा झाली आहे’ असे सांगणाऱ्या आईला मुलगा बरा होईल अशी आशा असते. ‘तो वेडा आहे’ या वाक्यात ती आशा मावळते. बाधेची भाषा टिकून राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मात्र या भाषेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. बाहेरून आलेली पिडा बाहेर हाकलायची असते, आणि हाकलण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, मिरचीची धुरी हे प्रकार घडतात. शिवाय ‘करणी’ म्हटले की ती करणारा शोधला जातो आणि संशय बहुधा एखाद्या विधवेवर, सुनेवर किंवा दुबळ्या शेजाऱ्यावर जातो.

मराठी वाङ्मयात वेडाला आणखीही एक अर्थ आहे. संतकवितेत ‘वेड’ आणि ‘पिसे’ हे शब्द ईश्वरभक्तीच्या तन्मयतेसाठी येतात. महानुभाव वाङ्मयातील गोविंदप्रभूंचे वर्तन सामान्य लोकांना वेडसर वाटत असे, आणि तरीही पंथाने त्यांना अवतार मानले. एकनाथांनी भारुडात भूतबाधेचे रूपक योजून अध्यात्म सांगितले. वेगळे वागणे म्हणजे आजारच, असे आपल्या परंपरेने सरसकट मानलेले नाही. आधुनिक वैद्यकानेही हा भेद मान्य केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार, धार्मिक विधीच्या मान्य चौकटीत अंगात येणे हा आजार नव्हे. ते माणसाच्या इच्छेविरुद्ध आणि त्या चौकटीबाहेर घडत असेल, तरच त्याचा आजार म्हणून विचार होतो.

४.३.२ लोक देवस्थानाकडे का जातात?

पहिले कारण उपलब्धतेचे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर शंभर प्रौढांपैकी दहा ते अकरा जणांना पाहणीच्या वेळी एखादा मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता उपलब्ध नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु दुर्गम पाड्यावरील कुटुंबाला देवस्थान जवळचे आणि ओळखीचे असते.

दुसरे कारण लोकलज्जेचे आहे. मनोरुग्णालयाची पायरी चढल्याचे कळले तर मुलीचे लग्न अडेल, ही भीती खोटी नाही. नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला जाऊन आलो, असे सांगण्यात मात्र कसलाही कमीपणा नसतो.

तिसरे कारण अर्थाचे आहे. डॉक्टर ‘काय झाले आहे’ हे सांगतात. कुटुंबाच्या मनातील प्रश्न मात्र ‘आमच्याच वाट्याला हे का आले’ असा असतो. त्या प्रश्नाला विधी उत्तर देतो, मग ते उत्तर खरे असो वा नसो.

४.३.३ देवस्थानी नेमके काय घडते?

या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या संशोधनांपैकी दोन येथे पाहू. पहिले आपल्या महाराष्ट्रातील आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी फलटण येथील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास केला. तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरुग्णांना घेऊन त्यांचे नातेवाईक तेथे मुक्कामाला राहत. अभ्यासिकेला असे आढळले की रुग्णाची काळजी घेणाऱ्या आई, पत्नी, बहीण अशा स्त्रियांच्याच अंगात येई. काही स्त्रिया तर रुग्णाची पिडा आपल्यावर यावी अशी प्रार्थना करीत. या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. मानसिक आजाराचा भार घरातील स्त्री वाहत असते आणि रुग्णालयाच्या नोंदीत तिचे नाव कोठेच नसते. मंदिरात तिच्या दुःखाला निदान वाट तरी मिळत होती. तथापि तेथेही तो भार तिच्या खांद्यावरून उतरत नव्हता, उलट तिने तो अधिक घ्यावा अशी अपेक्षा दृढ होत होती, हेही विसरता येत नाही.

दुसरे संशोधन तमिळनाडूतील एका खेड्यातील मुथुस्वामी मंदिराविषयीचे असून ते २००२ मध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे मुक्कामास आलेल्या ३१ रुग्णांची पाहणी संशोधकांनी केली. बहुतेकांना छिन्नमनस्कतेसारखा गंभीर आजार होता. मंदिरात औषध दिले जात नव्हते आणि भूत उतरवण्याचा कोणताही खास विधीही नव्हता. रुग्ण एका नातेवाइकासह तेथे विनामूल्य राहत, सकाळच्या पूजेला बसत, झाडलोट करणे, झाडांना पाणी घालणे अशी हलकी कामे करीत. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर त्यांच्या लक्षणांची तीव्रता मोजमापपट्टीवर जवळजवळ एकपंचमांशाने कमी झाली.

या निष्कर्षातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये? तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने मंदिरामुळेच रुग्ण सुधारले असे सिद्ध होत नाही, आणि ३१ ही संख्याही लहान आहे. शिवाय सुधारणा म्हणजे आजार जाणे नव्हे. मात्र निवारा, नियमित दिनक्रम, झेपेल असे काम, सोबतीला आपले माणूस आणि कुणीही ‘वेडा’ न म्हणणारा परिसर यांचा परिणाम होतो, असे मानण्यास येथे आधार मिळतो. या गोष्टी कोणत्याही मंत्रावर अवलंबून नाहीत. त्या चांगल्या रुग्णालयातही असायला हव्यात.

४.३.४ एर्वाडी : उपेक्षेची किंमत

आता याच तमिळनाडूतील दुसरे चित्र पाहू. रामनाथपुरम जिल्ह्यातील एर्वाडी येथील दर्गा मनोरुग्णांसाठी प्रसिद्ध आहे. दूरदूरहून येणाऱ्या रुग्णांना दीर्घकाळ ठेवून घेण्यासाठी दर्ग्याच्या आसपास खासगी निवासगृहे उभी राहिली. नातेवाईक पैसे भरीत आणि रुग्णाला तेथे सोडून जात. रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळदंडाने बांधले जाई. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका निवासगृहाला आग लागली. बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. ती निवासगृहे बंद करण्यात आली आणि शेकडो रुग्णांना हलवण्यात आले. या दुर्घटनेचे खापर केवळ श्रद्धेवर फोडणे सोपे आहे. परंतु विश्लेषण करताना थोडे थांबावे. ती निवासगृहे ना प्रार्थनास्थळे होती ना रुग्णालये. श्रद्धास्थानाला जबाबदारी नव्हती, शासकीय आरोग्ययंत्रणा तेथवर पोहोचली नव्हती, कुटुंबे थकली होती. या तिहींच्या मधल्या रिकाम्या जागेत तो व्यवसाय वाढला होता. समन्वयाची गरज कोणती, हे एर्वाडी आपल्याला सांगते : ती रिकामी जागा भरून काढण्याची.

४.३.५ उनावा : दर्ग्यातील दवाखाना

गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उंझ्याजवळ उनावा हे गाव आहे. तेथील मीरा दातार दर्ग्यात हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक बाधा उतरवून घेण्यासाठी येतात. महाराष्ट्रातूनही अनेक जण जातात. अल्ट्रुइस्ट या स्वयंसेवी संस्थेने २००८ च्या सुमारास शासनाच्या साहाय्याने येथे एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘दवा आणि दुआ’.

उपक्रमाची रीत साधी आहे. दर्ग्याची सेवा वंशपरंपरेने करणाऱ्या मुजावरांना गंभीर मानसिक आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मुजावर रुग्णासाठी दुआ करतो, नेहमीचा विधी करतो आणि त्याला दर्ग्याच्या आवारातच असलेल्या दवाखान्याकडे पाठवतो. तेथे मानसोपचारतज्ज्ञ तपासतात व औषधे देतात. रुग्णाला श्रद्धा सोडावी लागत नाही. ज्या मुजावरावर त्याचा विश्वास आहे तोच औषध घ्यायला सांगतो, म्हणून औषधावरही विश्वास बसतो. प्रारंभी मुजावरांच्या मनात साशंकता होती. आपला मान जाईल, भाविक तुटतील, ही भीती होती. दवाखान्याने दुआला विरोध केला नाही, तेव्हा ती हळूहळू ओसरली. पुढे तमिळनाडू शासनाने एर्वाडी येथेही याच धर्तीची सोय केली. जेथे माणसे साखळीत जळाली, तेथेच दर्ग्याशेजारी उपचार पोहोचले.

या प्रारूपावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांविषयी २००९ मध्ये लिहिताना, आघात सोसलेल्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना, दर्ग्यात सावरण्याची एक जागा मिळते हे दाखवले. या दृष्टीने पाहता दर्ग्याला केवळ औषधवाटपाचे केंद्र बनवणे हे त्या जागेचे मोल न ओळखण्यासारखे ठरते. दुसरा आक्षेप विवेकवादी विचारातून येतो. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. भूतबाधा नावाची गोष्ट अस्तित्वात नसून तिच्याआड मानसिक त्रास असतो आणि त्यावर शास्त्रीय उपचार झाले पाहिजेत, ही त्यांच्या चळवळीची ठाम भूमिका राहिली. मुजावराच्या हातून औषध दिले, तर बाधेच्या कल्पनेला शासनाचीच मान्यता मिळत नाही काय, असा प्रश्न या भूमिकेतून उभा राहतो.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही उपचाराविना गेलेली वर्षे रुग्णाला परत मिळत नाहीत. छिन्नमनस्कतेत उपचाराला जितका उशीर होतो, तितकी सुधारणा कठीण होते. ज्या दारातून रुग्ण प्रत्यक्षात येतो, त्या दारातच उपचार उभे करणे हा तात्त्विक तोडगा नसला तरी व्यवहारातील मोठा आधार आहे.

४.३.६ कायद्याची चौकट

या संदर्भात दोन कायदे आपणांस माहीत असावेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, दाभोलकरांच्या हत्येनंतर आधी अध्यादेशाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने तो संमत केला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हे सारे त्यानुसार गुन्हे आहेत. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच वेळी यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा हात लावत नाही. श्रद्धा आणि शोषण यांतील रेषा कायद्यानेच येथे आखलेली दिसते.

दुसरा केंद्राचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास तो मनाई करतो व प्रत्येकाला मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देतो. त्यातील आणखी एक तरतूद लक्षणीय आहे : समाजात रूढ असलेल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. एक कायदा रुग्णाला मांत्रिकाच्या चाबकापासून वाचवतो, तर दुसरा त्याला साखळीपासून आणि चुकीच्या शिक्क्यापासूनही वाचवतो.

४.३.७ समन्वयाच्या कसोट्या

आतापर्यंतच्या विवेचनावरून पाच कसोट्या मांडता येतात.

१. इजा नको. बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे, अपमान करणे यांपैकी काहीही घडत असेल, तर त्या ठिकाणाशी समन्वय होऊ शकत नाही.

२. औषध थांबवू नये. ‘गोळ्या बंद करा, मगच गुण येईल’ असे सांगणारा रुग्णाचे हित पाहत नाही. औषध एकाएकी सोडल्याने आजार उलटण्याचा धोका असतो.

३. डॉक्टरांना व्रते आणि साधना माहीत असाव्यात. लिथियम घेणाऱ्या रुग्णाने निर्जळी उपवास केला, तर शरीरातील पाणी घटून रक्तातील लिथियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. अनेक दिवसांचे मौन व दीर्घ ध्यान गंभीर मनोविकारात त्रास वाढवू शकते. रुग्ण या गोष्टी आपण होऊन सांगत नाही. म्हणून डॉक्टरांनी उपहास न करता विचारल्या पाहिजेत.

४. पैशाचा हिशेब उघड असावा. आजार जितका लांबेल तितकी ज्याची मिळकत वाढेल, त्याच्या हाती रुग्ण सोपवू नये.

५. रुग्णाची इच्छा विचारावी. कुटुंबाची श्रद्धा ती रुग्णाचीही असेलच असे नाही. डॉक्टरांनी श्रद्धा लादू नये, आणि ती हिरावूनही घेऊ नये.

या कसोट्या लावल्या की अनेक गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. वारीत चालणे, भजनी मंडळात बसणे, नामस्मरण, नमाज, चर्चमधील प्रार्थना यांतून एकटेपणा कमी होतो आणि दिवसाला आकार येतो. उपचारांच्या जोडीला त्या सहज सामावतात. शोक, काळजी, सौम्य उदासीनता यांत त्यांचा आधार मोठा असतो. परंतु रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, तो कित्येक दिवस झोपत किंवा जेवत नसेल, जीव देण्याची भाषा करीत असेल किंवा स्वतःला व इतरांना इजा करील अशी भीती असेल, तर नवस फेडण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही विनामूल्य सेवा मराठीतूनही उपलब्ध आहे. देवदर्शन त्यानंतरही करता येते.

४.४ सारांश

मराठीतील बाधेची भाषा रुग्णाला दोषमुक्त करते, पण हिंसेला वाटही करून देते. देवस्थानी मिळणारा निवारा, दिनक्रम आणि सन्मान यांचे मोल संशोधनातून दिसते. त्याचबरोबर जबाबदारी कुणाचीच नसेल तर काय घडते, हे एर्वाडीने दाखवले. उनाव्याच्या उपक्रमात दुआ करणारा आणि दवा देणारा एकाच आवारात आले. इजा, औषधबंदी, गुप्तता, पैशाचा लोभ आणि सक्ती यांना थारा नसेल, तर हा समन्वय रुग्णाच्या हिताचा ठरू शकतो.

४.५ पारिभाषिक शब्द

छिन्नमनस्कता : भास, संशय, विचारांतील विस्कळीतपणा ही लक्षणे असलेला गंभीर मानसिक आजार.
मुजावर : दर्ग्याची सेवा व व्यवस्था पाहणारा.
देवऋषी : बाधा ओळखण्याचा व उतरवण्याचा दावा करणारा ग्रामीण उपचारक.
लिथियम : तीव्र उन्माद व उदासीनता आलटून-पालटून येणाऱ्या आजारात दिले जाणारे औषध.

४.६ स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. ‘बाधा झाली’ आणि ‘वेडा झाला’ या दोन वाक्प्रयोगांतील दृष्टिभेद सांगा.
२. फलटण येथील अभ्यासातून काळजीवाहू स्त्रियांविषयी काय दिसून आले?
३. मुथुस्वामी मंदिराच्या संशोधनातून कोणता निष्कर्ष काढता येत नाही?

आ) पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
१. एर्वाडी व उनावा या उदाहरणांची तुलना करून समन्वयाची गरज स्पष्ट करा.
२. ‘दवा आणि दुआ’ या प्रारूपावरील दोन आक्षेप मांडून त्यांविषयीचे आपले मत सकारण लिहा.

इ) उपक्रम
आपल्या परिसरातील वडीलधाऱ्या व्यक्तींशी बोलून मनाच्या दुखण्यासाठी वापरले जाणारे किमान दहा शब्द किंवा वाक्प्रचार गोळा करा. प्रत्येक शब्द रुग्णाकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्याची नोंद करा. कोणाही व्यक्तीचे नाव किंवा ओळख आपल्या वहीत येणार नाही, याची काळजी घ्या.